कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग

ओळखीतल्या कुणाही अकरावी-बारावीच्या पोराचं केमिस्ट्रीचं जर्नल हातात घ्या आणि टायट्रेशनचं पान उघडा. पायलट रीडिंग, मग एक, दोन, तीन आणि शेवटच्या रकान्यात 'सीबीआर', म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तिन्ही आकडे सारखे, १०.० मिली. शेजारच्याचं जर्नल घ्या, तिथेही १०.०. सगळ्या वर्गाची जर्नलं चाळलीत तरी... असो.

आता जरा विचार करा. ब्युरेटवर ०.१ मिलीच्या खुणा. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. पिपेट भरताना कुणाचा मेनिस्कस खुणेच्या वर, कुणाचा खाली. फिनॉल्फथॅलीनचा 'फिकट गुलाबी' म्हणजे नक्की किती फिकट, हे प्रत्येकाच्या डोळ्यावर अवलंबून. एवढ्या सगळ्यातून साठ पोरांना एकच आकडा येत असेल तर तो चमत्कार आहे. आमच्या धंद्यात असा विदा समोर आला तर पहिला प्रश्न येतो, "टेस्ट खरंच चालवली होतीस ना? की एक्सेलमध्ये पहिला सेल धरून खाली ओढलास?"

कॉलेजात मात्र असला प्रश्न कुणी विचारत नाही. उलट ज्याचा आकडा वेगळा येतो त्याला विचारतात, की काय चुकलं तुझं?

हे सगळं आत्ता डोक्यात यायचं कारण म्हणजे माझी मामेबहीण. यंदा अकरावीला आहे. गेल्या महिन्यात मामाकडे जेवायला गेलो तेव्हा ती जर्नल पूर्ण करत बसली होती. एका पानावर आकडा खोडून नवा लिहिलेला दिसला म्हणून विचारलं.

"अरे दादा, मला १०.६ येत होतं. एकदा १०.६, मग १०.७, मग परत १०.६. सर म्हणाले, १०.० लिही, पुढचा प्रयोग सुरू करायचाय."

"मग चुकलं कुठे ते सांगितलं का त्यांनी?"

"नाही. म्हणाले सगळ्यांचं १० आलंय."

प्रयोग कुठला ते नीट बघितलं आणि मी भाजी वाढून घ्यायची विसरलो. ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाणित द्रावणाने कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची तीव्रता काढणे. म्हणजे सोड्याची तीव्रता आपल्याला माहीत नाही, ती शोधायची आहे, म्हणून तर हा उद्योग!

ज्यांनी केमिस्ट्री बारावीनंतर आनंदाने सोडून दिली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, हा अत्यंत बेभरवशाचा प्राणी आहे. त्याच्या पांढऱ्या गोळ्या उघड्यावर ठेवल्या की हवेतलं पाणी ओढून काही मिनिटांत चिकट व्हायला लागतात. तुम्ही ४ ग्रॅम वजन करता तेव्हा त्यात थोडं पाणीही तोललं जातं. वर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड खातो आणि स्वतःचा थोडाथोडा कार्बोनेट करून घेतो. त्यामुळे बाटलीवर '०.१ मोलर' असं कितीही ठळक लिहिलं असलं तरी ती नुसती इच्छा असते. खरी तीव्रता काढायला दुसरा कुणीतरी भरवशाचा लागतो. ते काम ऑक्झॅलिक आम्ल करतं. त्याचे स्फटिक हवेत नीट राहतात, वजन बिनधास्त करता येतं. त्याचा एक रेणू सोड्याचे दोन रेणू संपवतो, म्हणून ०.०५ मोलर ऑक्झॅलिक घेतलं की हिशेब सोपा होतो. सोडा खरंच ०.१ मोलर असेल तर १० मिली आम्लाला १०.० मिली सोडा लागेल. सोडा कमजोर झाला असेल तर जास्त लागेल. १०.६ मिली लागला, तर त्याची तीव्रता ०.०९४३ मोलर.

म्हणजे त्या पोरीने सोडा सुमारे सहा टक्के कमजोर आहे हे शोधून काढलं होतं. निदान तशी दाट शक्यता होती. प्रयोगाने जे विचारलं त्याचं उत्तर तिच्या हातात होतं आणि ते खोडून तिथे बाटलीवरचं लेबल उतरवून घेतलं गेलं.

तिचंच काही चुकलं असेल, असं म्हणता येईल की! येईल ना. पण मग ते कसलं चुकलं हे बघायला हवं होतं. गुलाबी रंग ओळखायला उशीर झाला तर एखाद-दोन थेंब जास्त पडतात, म्हणजे ०.१ मिलीची चूक. ०.६ म्हणजे बारा थेंब. बारा थेंब जास्त पडले तर फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी राहत नाही, चांगलं भडक होतं, आणि तेही लागोपाठ तीन वेळा? पिपेटमध्ये गडबड असू शकते. ऑक्झॅलिकचं द्रावणच थोडं जास्त तीव्र झालेलं असू शकतं. शेजारच्या टेबलावरची बाटली घेऊन एकदा करून बघितलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. आता ते कधीच कळणार नाही, कारण पुरावाच खोडून टाकलाय.

गंमत म्हणजे 'कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग' ही कल्पना मुळात फार चांगली आहे. एकदा मोजून विश्वास ठेवू नका, परत मोजा, पुन्हा तेच आलं तर थांबा. थांबायचं कधी याचा हा नियम होता. आमच्या त्या बहिणीने तो तंतोतंत पाळला, १०.६ दोनदा आलं, मधला १०.७ ब्युरेटच्या एका खुणेच्या फरकाचा. फक्त आपल्याकडे त्या नियमाचा अर्थ हळूहळू 'तिन्ही रकान्यात एकच आकडा भरणे' असा झाला, आणि तो आकडा कुठला हे लॅब असिस्टंट काकांना आधीपासून माहीत असतं. मी शिकत होतो तेव्हाही लॅबमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य "तुला किती आलं?" हेच होतं. 

सरांना शिव्या घालून मोकळं व्हावं असा माझा हेतू नाही. वीस-बावीस पोरांची बॅच, दोन तास, त्यातला अर्धा तास हजेरी आणि ब्युरेट धुण्यात. पुढे सीईटी, जेईई. इंजिनिअरिंगचे प्रवेश त्यावर होतात आणि तिथे ब्युरेट धरता येते का हे कुणी विचारत नाही. बोर्डाच्या बारावीच्या प्रॅक्टिकलला ३० मार्क, आणि ते 'बरोबर' उत्तराला मिळतात अशी सगळ्यांचीच समजूत. आईबापांना जर्नल सह्या होऊन वेळेत हवं असतं. या साखळीत १०.६ आलं तर कुणालाच परवडत नाही. मान्य. पण मग त्या दोन तासांत पोरं नक्की काय शिकली? मोजण्याआधी "किती यायला हवं?" असं विचारायला शिकली. आणि ही सवय बारावीला संपत नाही हो. माझ्या टीममध्ये दरवर्षी फ्रेशर्स येतात. हुशार असतात, माझ्यापेक्षा बरा कोड लिहितात. पण परफॉर्मन्स टेस्ट करायला दिली की निम्मे तरी आधी विचारतात, "किती रिस्पॉन्स टाइम अपेक्षित आहे?" आणि मग तेवढाच येतो. 

तुम्ही म्हणाल, अकरावीच्या प्रयोगातल्या ०.६ मिलीवरून एवढा आकांडतांडव कशाला? मग दुधाचं उदाहरण घेऊ.

डेअरीत दुधाची आम्लता मोजतात ती हुबेहूब याच पद्धतीने. १० मिली दूध, फिनॉल्फथॅलीनचे काही थेंब आणि वरून ०.१ नॉर्मल सोडा. सोड्याच्या बाबतीत ०.१ नॉर्मल आणि ०.१ मोलर एकच. ताज्या दुधाला साधारण दीड मिली सोडा लागतो आणि तो आकडा लॅक्टिक आम्लात बदलून ०.१४ टक्क्यांच्या आसपास आम्लता लिहितात. (ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल जवळजवळ नसतंच, तो सोडा केसीन आणि फॉस्फेटसारखे घटक खातात. पण पद्धत पडली ती पडली.) दूध जुनं व्हायला लागलं, जिवाणूंनी साखरेचं आम्ल करायला घेतलं, की हा आकडा चढतो. आता डेअरीतल्या बाटलीतला सोडा कमजोर झालाय असं समजा. दूध तेच, पण सोडा जास्त लागणार. कागदावर दूध आहे त्यापेक्षा आंबट दिसणार. जे दूध काठावर पास झालं असतं ते नापास. हे टाळायचं तर सोडा अधूनमधून तपासावा लागतो आणि तो तपासायची रीत म्हणजे अकरावीचा हाच प्रयोग. तिथे बसलेल्या माणसाने 'सगळ्यांचं १० येतं' म्हणून १०.० लिहून टाकलं, तर कॅन परत घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला आपलं काय चुकलं हे कुणीही सांगू शकणार नाही.

टायट्रेशनचं एवढं झालं. पीएचचं प्रकरण तर याहून मजेशीर आहे, आणि तिथे फसवणूक जास्त सोपी आहे.

आम्लता आणि पीएच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बारावी पास झालेल्या किती जणांना सांगता येईल? टायट्रेशन सांगतं एकूण आम्ल किती आहे. पीएच सांगतो त्यातल्या किती आम्लाने आत्ता या क्षणी हायड्रोजन आयन सोडलेत. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ०.१ मोलर ॲसिटिक आम्ल घ्या. दोघांनाही सोडा सारखाच लागेल. पण पहिल्याचा पीएच १.१ च्या आसपास आणि दुसऱ्याचा २.९. बँकेतली एकूण ठेव आणि खिशातली रोकड यात जो फरक, साधारण तोच. एनसीईआरटीच्या अकरावीच्या प्रयोगपुस्तकात सारख्या तीव्रतेच्या तीव्र आणि सौम्य आम्लांचा पीएच पाहायचा प्रयोग आहेही. पण तो पीएच पेपरने उरकतात. पट्टी बुडवायची, डबीवरच्या रंगांशी जुळवायची, नारिंगी आणि पिवळा यांच्या मधलं काहीतरी दिसलं की पुस्तकातला आकडा लिहायचा.

त्या पट्टीवर एका रंगापासून पुढच्या रंगापर्यंत एक पीएच, म्हणजे दहा पटींचा फरक! पीएच हा लॉगॅरिदम आहे, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, आणि तीच पोरं त्याच लॅबमध्ये टायट्रेशनचा हिशेब लॉग टेबल उघडून करत असतात. पण दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे कुणी दाखवत नाही. पीएचमध्ये ०.३ चा फरक म्हणजे हायड्रोजन आयन दुप्पट. ०.१ चा फरक म्हणजे सव्वा पट. औद्योगिक युगाच्या आधी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ होता, आता ८.१ च्या जवळ आहे. जर्नलात असा ०.१ 'राउंड ऑफ' मध्ये उडवून देतात, आणि समुद्रात तेवढ्याच ०.१ वर शिंपल्यांचं आणि प्रवाळांचं कवच नीट बनेल का याची चिंता सुरू होते.

मुळात रंगावर विसंबून राहता येत नाही म्हणूनच पीएच मीटर जन्माला आला. पीएच ही मोजपट्टी १९०९ ची. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेनसनने ती मांडली. (हो, तीच बिअरवाली कार्ल्सबर्ग.) मीटरची गोष्ट लिंबांची आहे. १९३४ साली कॅलिफोर्नियात लिंबू-संत्री बागायतदारांच्या संघाच्या प्रयोगशाळेतला केमिस्ट ग्लेन जोसेफ वैतागला होता. त्याला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती, पण रस टिकवायला त्यात सल्फर डायऑक्साइड घातलेला असायचा, आणि तो लिटमसचा रंगच उडवून टाकायचा. काचेचे इलेक्ट्रोड तेव्हा होते, पण त्यांच्यातून येणारा विद्युतप्रवाह इतका क्षीण की नाजूक गॅल्व्हानोमीटर आणि त्याहून नाजूक काच लागायची. सारखं काहीतरी फुटायचं. त्याचा कॉलेजातला जुना मित्र अर्नोल्ड बेकमन तेव्हा कॅलटेकमध्ये शिकवत होता. त्याने व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर लावून एक दणकट यंत्र बनवून दिलं. १९३५ मध्ये ते १९५ डॉलरला बाजारात आलं. जाता जाता, आपल्या जमातीसाठी एक माहिती: याच बेकमनच्या पैशावर १९५०च्या दशकाच्या मध्यात शॉकलीची सेमीकंडक्टर प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९५७ मध्ये तिथून आठ जण बाहेर पडून त्यांनी फेअरचाइल्ड काढली. म्हणजे आपल्या पगाराचं एक मूळ त्या लिंबाच्या रसात आहे. :)

मुद्दा असा, की समोरचा रंग खोटं बोलतोय हे जोसेफच्या लक्षात आलं आणि त्याने पुस्तकातला आकडा लिहून फाइल बंद केली नाही.

आज परिस्थिती काय? कॉलेजात एखादा पीएच मीटर असतो आणि तो कपाटात असतो. किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर असतात. बाहेर निघालाच तर इलेक्ट्रोड कोरडाठाक. त्या काचेच्या फुग्याला कायम ओलं ठेवावं लागतं, तेही पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, डिस्टिल्ड पाण्यात नव्हे. कोरडा पडलेला इलेक्ट्रोड डळमळीत रीडिंग देतो आणि डिजिटल पडद्यावर मात्र दशांशानंतरची दोन घरं ऐटीत झळकत असतात. ५.८३! एवढं नेमकं दिसल्यावर कोण शंका घेणार?

आणि म्हणूनच मला वाटतं की मोजमाप म्हणजे काय हे शिकवायला पीएच मीटरइतकं चांगलं यंत्र शाळा-कॉलेजात दुसरं नाही. कारण त्याच्यावर आंधळा विश्वास टाकताच येत नाही. मीटर खरं तर पीएच मोजतच नाही, तो मिलिव्होल्ट मोजतो. २५ अंशांना एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट, हे आदर्श इलेक्ट्रोडचं गणित. तुमचा इलेक्ट्रोड जुना असेल तर ५५च देईल. म्हणून दर वेळी आधी पीएच ७ च्या बफरमध्ये बुडवून शून्य लावायचं, मग ४ च्या किंवा ९.२ च्या बफरमध्ये बुडवून उतार लावायचा. वाय बरोबर एमएक्स अधिक सी. दहावीतली सरळ रेषा, दोन बिंदूंतून काढलेली, तुमच्या डोळ्यासमोर. एकदा हे हाताने केलं की यंत्रातला आकडा आकाशातून पडत नाही हे कायमचं कळतं.

मग डिस्टिल्ड पाणी मोजायला लावा. पुस्तक म्हणतं ७. मीटर म्हणेल ६ च्या खाली, कारण उघडं ठेवलेलं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि ५.६ च्या आसपास येऊन थांबतं. (त्यात इतक्या शुद्ध पाण्यात मीटर स्थिर व्हायलाही कुरकुर करतो.) इथेच नव्वद टक्के जर्नलांत '७' लिहिलं जातं. आणि तो पवित्र ७ सुद्धा २५ अंशांपुरताच. ४० अंशांना उदासीन पाण्याचा पीएच ६.७७ असतो. मे महिन्यात विदर्भातल्या बिनपंख्याच्या लॅबमध्ये खरं बोलणारं पाणी नापास होईल.

माझ्या हातात असतं तर मी दोनच बदल केले असते. एक, सोड्याच्या बाटलीवरचं लेबल काढून टाकलं असतं आणि दर बॅचला वेगळ्या तीव्रतेची, नुसता क्रमांक घातलेली बाटली दिली असती. काकांनाही उत्तर ठाऊक नको. दोन, बॅचमधल्या सगळ्यांची रीडिंगं फळ्यावर लिहायला लावली असती, नाव न घालता. १०.४, १०.६, १०.५, १०.६, ११.३. मग त्या ११.३ वर चर्चा. तो का आला असेल? हवेचा बुडबुडा ब्युरेटच्या टोकात अडकला होता का? फ्लास्क आधीच सोड्याने विसळला होता का? नाही, तसं झालं असतं तर रीडिंग उलट कमी आलं असतं... ही जी पाच मिनिटांची वादावादी होईल ना, मार्क तिला द्यावेत. याला नवीन इमारत, अनुदान, समिती काही लागत नाही. फक्त सगळ्यांचे आकडे वेगळे आले तर तपासायला जास्त वेळ लागेल, आणि तो वेळ सरांना कोण देणार हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते संस्थाचालकांना विचारायला हवं.

पैशांची सबब मात्र आता चालणार नाही. पेनसारखे पीएच मीटर ऑनलाइन हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतात, सोबत बफर बनवायच्या दोन पुड्याही येतात. अचूकता यथातथाच, पण शिकायला भरपूर. मी एक मागवलाय. या रविवारी बहीण घरी येणार आहे. वाण्याकडचं व्हिनेगर आणलंय, बाटलीवर ४ टक्के ॲसिटिक आम्ल लिहिलंय. आधी तसंच मोजायचं, मग दहा पट पाणी करून मोजायचं. ती म्हणते, दहा पट पातळ केलं म्हणजे पीएच एकने वाढणार, लॉग आहे ना! हायड्रोक्लोरिक आम्ल असतं तर वाढला असता. व्हिनेगरचा साधारण अर्ध्यानेच वाढतो, कारण पातळ केल्यावर न सुटलेलं आम्ल आणखी थोडं सुटतं. हे तिला अजून सांगितलेलं नाही. जो आकडा येईल तो वहीत पेनाने लिहायचा, एवढंच ठरलंय.